विश्लेषण : उणे आकड्याला पहारेकरी फसतो तेव्हा... इंटरप्रिटरचा स्टॅक वाढवण्याआधी काय तपासावे?

पावसाळ्यात तापी दुथडी भरून वाहू लागली की हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, ही जळगाव जिल्ह्यातली मोठी बातमी असते. धरण भरत आले तर ते दिसते, पातळी मोजता येते, काठच्या गावांना इशारा देता येतो. संगणकाच्या आतला आकडा भरून वाहतो तेव्हा यांपैकी काहीच होत नाही. दोन अब्जांवरचा आकडा गुपचूप उणे दोन अब्ज होतो आणि प्रोग्राम काही न घडल्यासारखा पुढे चालत राहतो. याला ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ म्हणतात. सी भाषेत लिहिलेल्या इंटरप्रिटरचा स्टॅक वाढवणाऱ्या चार-पाच ओळींत ही चूक शिरली, तर तिचा फटका फोनपासून सर्व्हरपर्यंत कुठेही बसू शकतो. ती टाळणे अवघड नाही. मात्र तपासणी बेरजेच्या आधी व्हायला हवी, आणि जळगाव-धुळ्यातल्या प्रयोगशाळांतून ही सवय पहिल्या वर्षीच लागायला हवी.

आकडा ‘उलटतो’ म्हणजे काय?

सी भाषेतला नेहमीचा पूर्णांक आजच्या बहुतेक संगणकांवर आणि फोनवर ३२ बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढी धन संख्या मावते. त्यात एक मिळवला, की बहुतेक यंत्रांवर उत्तर येते उणे २,१४,७४,८३,६४८. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे मीटर शून्याऐवजी थेट उणे टोकाला जातो.

दोन अब्ज हा आकडा मोठा वाटतो, पण तो लवकर संपतो. समजा, एखाद्या कापूस खरेदी केंद्राच्या प्रोग्रामने रकमेची बेरीज पैशांत ठेवली. मग या पूर्णांकात मावतात फक्त २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. क्विंटलला सात हजार रुपये भाव धरला, तर ३,०६८ व्या क्विंटलला हिशेब उलटेल. हंगामात एवढा माल यायला फार दिवस लागत नाहीत.

शिवाय उलटलेला आकडा नेहमी उणेच दिसेल, असेही नाही. क्रमगुणित, म्हणजे फॅक्टोरियल, काढण्याचा प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थी लिहितो. ३२ बिटांच्या पूर्णांकात १२ चे क्रमगुणित, ४७,९०,०१,६००, बरोबर येते. १३ चे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे, पण पडद्यावर बहुधा १,९३,२०,५३,५०४ दिसते. आकडा धन आहे, मोठा आहे आणि पाहणाऱ्याला खराही वाटतो. म्हणून ‘उत्तर उणे आले तरच चूक समजा’ हा नियम पुरेसा नाही.

इंटरप्रिटरचा स्टॅक वाढवावा का लागतो?

एका भाषेत लिहिलेला प्रोग्राम वाचून तो तिथल्या तिथे चालवणारा दुसरा प्रोग्राम म्हणजे इंटरप्रिटर. पायथन आणि लुआ या भाषा अशाच चालतात, आणि त्यांचे प्रमुख इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेले आहेत. काम करताना लागणारी तात्पुरती मूल्ये इंटरप्रिटर एका स्टॅकमध्ये ठेवतो. स्टॅक म्हणजे टोपलीतली भाकऱ्यांची चवड. शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलायची. एका फंक्शनने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावले की चवड वाढत जाते.

ही चवड किती उंच होणार, हे आधी ठरवता येत नाही. म्हणून इंटरप्रिटर सुरुवातीला थोडी जागा घेतो. ती भरली की साधारण दुप्पट जागा मागतो, जुना माल नव्या जागेत हलवतो आणि काम पुढे नेतो. व्यापाऱ्याने छोटे गोदाम सोडून मोठे घ्यावे, तसे. गोदाम किती मोठे हवे, हे ठरवणाऱ्या हिशेबातच चूक होते.

चूक नेमकी कुठे शिरते?

तीन ठिकाणी. पहिले ठिकाण बेरजेचे. ‘सध्या वापरात असलेली घरे अधिक हवी असलेली घरे’ ही बेरीज मर्यादेपेक्षा मोठी आहे का, असे प्रोग्राम विचारतो. मागणीच प्रचंड असेल, तर बेरीज उलटून उणे होते. उणे आकडा कोणत्याही धन मर्यादेपेक्षा लहानच असतो. त्यामुळे पहारेकरी ‘जाऊ द्या’ म्हणतो.

दुसरे ठिकाण दुपटीचे. घरांची संख्या १,०७,३७,४१,८२४ झाल्यावर तिची दुप्पट ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावत नाही.

तिसरे ठिकाण गुणाकाराचे, आणि ते सर्वांत घातक. घरांची संख्या ठरली, की प्रत्येक घराला किती बाइट लागतात त्याने गुणून मेमरी मागितली जाते. एका घराला १६ बाइट लागतात असे धरू. ३२ बिटांच्या यंत्रावर २६,८४,३५,४५७ घरांसाठी ४,२९,४९,६७,३१२ बाइट हवेत. पण चिन्हरहित ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जागाच नाही. वरचा भाग गळून जातो आणि उरतात १६. मेमरी देणारी यंत्रणा १६ बाइट आनंदाने देते, कारण तेवढी मागणी गैर नाही. इंटरप्रिटरला मात्र वाटते, की आपल्याकडे २६ कोटींहून अधिक घरे आहेत. तो दुसऱ्या घरात लिहायला जातो आणि तिथून पुढे दुसऱ्याच्या मेमरीवर लिहू लागतो. नशीब बरे असेल तर प्रोग्राम कोसळतो. नसेल तर मुद्दाम तयार केलेल्या माहितीच्या जोरावर हल्लेखोर त्याचा ताबा घेतो.

हे प्रत्यक्षात घडले आहे का?

हो, आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या प्रोग्राममध्येही. लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्माला आली. अनेक मोबाइल खेळांत आणि राउटरांत ती बसवलेली असते. तिच्या ५.१ मालिकेत, स्टॅकमध्ये पुरेशी जागा आहे का हे पाहणाऱ्या फंक्शनमध्ये वरची पहिली चूक सापडली. मर्यादा ८,००० घरांची होती. स्टॅकमध्ये तीन मूल्ये असताना कोणी आणखी २,१४,७४,८३,६४६ मूल्ये उलगडायला सांगितली, तर ३२ बिटांच्या यंत्रावर बेरीज उणे २,१४,७४,८३,६४७ होई. हा आकडा ८,००० पेक्षा लहान, म्हणून तपासणी पार. दोष उघड करायला लुआची एक ओळ पुरत होती. दुरुस्तीही तेवढीच छोटी ठरली. बेरीज करण्याआधी नुसती मागणीच ८,००० पेक्षा मोठी आहे का, ते पाहायचे. ५.१.४ या आवृत्तीत हे पाऊल दिसते.

रेडिस या डेटाबेसची गोष्ट दुसराच धडा देते. त्यात लुआचा इंटरप्रिटर बसवलेला आहे. त्याच्या एका पूरक भागात मजकुरातले अंक वाचून संख्या बनवताना ओव्हरफ्लो होत असल्याचे २०१५ मध्ये नोंदवले गेले आणि दुरुस्तीही झाली. पुढच्या बदलांत ती हरवली, आणि तोच दोष २०२० मध्ये पुन्हा नोंदवावा लागला. दुरुस्तीसोबत कायमची चाचणी लिहून ठेवली नाही, तर दोष परत येऊ शकतो.

स्मार्टफोनवाल्यांना सर्वांत जवळचे उदाहरण ‘स्टेजफ्राइट’चे. जुलै २०१५ मध्ये झिंपेरियम या सुरक्षा कंपनीने अँड्रॉइडच्या ध्वनी-चित्र हाताळणाऱ्या भागातले दोष जाहीर केले. एका एमएमएसमधून फोनवर हल्ला करता येईल, असा इशारा तिने दिला. सुमारे ९५ कोटी उपकरणांना धोका असल्याचा तिचा अंदाज होता. हा इंटरप्रिटर नव्हता, पण चूक त्याच जातीची होती. व्हिडिओतली उपशीर्षके साठवताना ‘आधीचा आकार अधिक नव्या तुकड्याचा आकार’ ही बेरीज उलटत होती, कमी जागा मिळत होती आणि माल जास्त ओतला जात होता. पहिली दुरुस्तीही अपुरी पडली. तपासणीसाठी मर्यादेतून तुकड्याचा आकार वजा केला होता, पण मर्यादा ३२ बिटांची आणि तुकड्याचा आकार ६४ बिटांचा होता. मर्यादेहून मोठा आकार आला, की ती वजाबाकीच उलटून प्रचंड धन आकडा देई. तपासणी होती, आधीही होती, पण दोन बाजूंची मापे वेगळी होती.

बेरीज करून मग तपासले तर काय बिघडते?

अनेकांना सुचणारा मार्ग असा, की बेरीज करावी आणि उत्तर आधीच्या आकड्यापेक्षा लहान झाले का ते पाहावे. चिन्हरहित पूर्णांकांच्या बेरजेत हे चालते, कारण ते कसे फिरतात हे सीच्या मानकाने ठरवून दिले आहे. चिन्हयुक्त पूर्णांक उलटल्यावर काय व्हावे, हे मात्र मानकाने मुद्दाम मोकळे सोडले आहे. कम्पायलर त्याचा अर्थ ‘असे कधी घडणारच नाही’ असा घेऊ शकतो. धन संख्या मिळवल्यावर बेरीज लहान होणे त्याच्या दृष्टीने अशक्य. म्हणून वेगवान प्रोग्राम बनवताना तो ही तपासणीच निरुपयोगी समजून काढून टाकतो. मूळ प्रोग्राममध्ये पहारा दिसतो, फोनवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये तो नसतो.

मग उपाय काय?

पहिला, मर्यादा ठरवा. स्टॅक जास्तीत जास्त किती वाढू द्यायचा, याचा आकडा प्रोग्रामच्या लेखकाने आधी ठरवला पाहिजे. लुआच्या ५.४ मालिकेत सामान्यतः ही मर्यादा १० लाख घरांची आहे. मेमरी संपेपर्यंत वाढू देणे, ही मर्यादा नव्हे.

दुसरा, मागणी उणे नाही ना आणि एकट्या मागणीनेच मर्यादा ओलांडलेली नाही ना, हे कोणतीही बेरीज करण्याआधी पाहा.

तिसरा, बेरजेचा प्रश्न वजाबाकीने विचारा. ‘वापरातली घरे अधिक मागणी मर्यादेपेक्षा मोठी आहे का’ असे न विचारता ‘वापरातली घरे, मर्यादा उणे मागणी यापेक्षा जास्त आहेत का’ असे विचारा. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत असतील, तर ही वजाबाकी उलटूच शकत नाही. दुपटीसाठी याच न्यायाने सध्याची संख्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त आहे का, ते पाहा.

चौथा, गुणाकाराचा प्रश्न भागाकाराने विचारा. यंत्राला जास्तीत जास्त जेवढे बाइट मागता येतात, त्यांना एका घराच्या आकाराने भागा. घरांची संख्या त्या उत्तरापेक्षा मोठी असेल, तर मेमरी मागूच नका.

पाचवा, दोन्ही बाजूंची मापे सारखी ठेवा. घरांची संख्या, मागणी आणि मर्यादा एकाच प्रकारच्या पूर्णांकात असाव्यात. स्टेजफ्राइटची पहिली दुरुस्ती इथेच चुकली.

सहावा, तयार साधने वापरा. जीसीसी कम्पायलरच्या २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून, बेरीज किंवा गुणाकार करताना तो उलटला का हे सांगणारी अंगभूत फंक्शने मिळतात. क्लँग कम्पायलरमध्येही ती आहेत. सी २३ या मानकाने अशी सोय भाषेतच आणली. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये, संख्या आणि आकार वेगवेगळे घेऊन गुणाकार स्वतः तपासणारे मेमरी मागण्याचे फंक्शन दिले. पुढे लिनक्सवरच्या प्रमुख सी ग्रंथालयानेही ते स्वीकारले.

सातवा, नकार नीट हाताळा. मेमरी मिळाली नाही, तर जुन्या जागेचा पत्ता पुसून टाकू नका. मिळाली, तर जुन्या जागेकडे बोट दाखवणारे सगळे पॉइंटर नव्या जागेकडे वळवा. गोदाम बदलल्यावर हमालांना जुनाच पत्ता देऊन चालत नाही.

तपासणीमुळे वेग मंदावतो का?

नेहमीचा आक्षेप हाच, पण इथे तो टिकत नाही. ही तपासणी प्रत्येक आज्ञेला होत नाही, फक्त जागा वाढवताना होते. लुआचा स्टॅक ४० घरांपासून सुरू होतो. दर वेळी दुप्पट करत तो १० लाखांच्या मर्यादेला पोहोचेपर्यंत वाढवण्याची वेळ येते फक्त १५ वेळा. पंधरा वेळा एक-दोन तुलना जास्त करणे हा आजच्या स्वस्तातल्या फोनलाही भार नाही. लुआच्या लेखकांनीही ५.४ मालिकेत स्टॅक वाढवणाऱ्या फंक्शनमध्ये मागणी मर्यादेहून लहान आहे का हे आधी पाहिले आहे, आणि ही तुलना ओव्हरफ्लो टाळण्यासाठी आहे अशी टीपही शेजारी लिहिली आहे.

दुसरा आक्षेप ६४ बिटांचा. आता यंत्रेच ६४ बिटांची झाली, मग चिंता कशाला? लुआचा तो जुना दोष ६४ बिटांच्या यंत्रावर तसाच उद्भवत नाही, हे खरे. पण यंत्र ६४ बिटांचे झाले, तरी सीचा नेहमीचा पूर्णांक बहुतेक ठिकाणी ३२ बिटांचाच राहिला आहे. सवयीने तोच वापरला जातो. जुने स्वस्त फोन, राउटर, मोजमापाची छोटी यंत्रे अजून ३२ बिटांवर किंवा त्याहून कमी बिटांवर चालतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर ३२ बिटांत वेळ मोजणारी घड्याळे उलटणार आहेत, तीही याच सवयीमुळे.

खान्देशातल्या वर्गांशी याचा संबंध काय?

जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचे एसएसबीटी, धुळ्याचे एसएसव्हीपीएस, शिरपूरचे आर. सी. पटेल अशा महाविद्यालयांतून दर वर्षी संगणक शाखेचे विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांतले अनेक पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची वाट धरतात. सी ही अनेकांची पहिली भाषा असते. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकली. टर्बो सीचा पूर्णांक १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या पुढे काही मावत नसे. ८ चे क्रमगुणित ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ येई. तेव्हा आठव्याच आकड्याला चूक दिसत होती. आजच्या कम्पायलरवर ती तेराव्या आकड्याला येते आणि तीही धन मुखवटा घालून. मर्यादा दूर गेली, तशी तिची आठवणही.

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या बायनरी सर्चचेच पाहा. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागायचे, असे फळ्यावर लिहिले जाते. ही बेरीज मोठ्या यादीत उलटते, हे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. जावाच्या अधिकृत ग्रंथालयात ही चूक सुमारे नऊ वर्षे होती. उपाय तोच, वजाबाकीचा. वरच्या टोकातून खालचे वजा करा, निम्मे करा आणि ते खालच्या टोकात मिळवा. तरीही परीक्षेच्या वहीत जुनेच सूत्र लिहिले जाते, कारण दहा-वीस आकड्यांच्या उदाहरणात दोन्हींचे उत्तर सारखेच येते.

बदल इथेच हवा. स्टॅकचा प्रयोग दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चरच्या जर्नलमध्ये असतोच. त्यात सहसा १० किंवा १०० घरांचा ठरीव स्टॅक लिहून घेतला जातो. तोच वाढणारा स्टॅक म्हणून द्यावा आणि गुणांचा एक भाग ‘प्रोग्रामने नकार कसा दिला’ यासाठी राखावा. यासाठी अब्जावधी घरे भरायची गरज नाही. मर्यादेचा आकडा मुद्दाम १६ वर आणला, तर सतरावी मागणी करून काही सेकंदांत परीक्षा घेता येते. उणे मागणी, शून्य मागणी, मर्यादेइतकी आणि मर्यादेपेक्षा एकने जास्त, एवढ्या चार चाचण्या पुरतात. पूर्णांक उलटला की चालत्या प्रोग्राममध्येच ओरडून सांगणारी तपासणी जीसीसी आणि क्लँगमध्ये एक पर्याय चालू केला की मिळते. ती मोफत आहे, त्यासाठी नवा संगणकही लागत नाही.

अशी तपासणी करणारी साधने बनवण्याचे काम महाराष्ट्रातही चालते. पुण्यातल्या टीसीएसच्या संशोधन विभागाने मोटारींसारख्या यंत्रांतल्या सी प्रोग्राममधले असे दोष न चालवताच शोधणारी साधने विकसित केली आहेत. म्हणजे हे ज्ञान दूरचे नाही आणि त्याला नोकरीच्या बाजारात किंमत नाही असेही नाही. पण साधन चूक दाखवते, मर्यादा किती असावी हे ठरवत नाही. ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

प्रोग्राम चालला आणि अपेक्षित उत्तर आले, की प्रयोग पूर्ण झाला असे आजवर मानले गेले. ज्या फोनवर बँकेचे खाते, शेतमालाचे भाव आणि मुलांचे निकाल पाहिले जातात, त्याच्या आतली सीची ओळ लिहिणाऱ्याकडून एवढ्याने भागणार नाही. कुठे थांबायचे हे माहीत असलेला प्रोग्राम लिहिता आला, तरच जर्नलवर शिक्षकांची सही व्हावी.